बरे झाल्यानंतरचा थकवा आणि व्यायाम
(गणेशोत्सवातील आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीने मला आरोग्यावर बोलायला सांगितले. मधुमेह आणि रक्तदाब यांवर आपण पुष्कळ ऐकतो. म्हणून मी घरात सहसा न बोलला जाणारा विषय मुद्दाम निवडला आहे : वृषणाचा कर्करोग, आणि तो बरा झाल्यावरही मागे रेंगाळणारा थकवा. महिलावर्गही समोर बसला आहे, याची मला कल्पना आहे. त्यांनी तर हे अवश्य ऐकावे, कारण असा रुग्ण कोणाचा तरी मुलगा असतो, कोणाचा तरी नवरा असतो.

हा आजार भारतात विरळा आहे. वर्षाला लाख पुरुषांमागे एकाहूनही कमी. पण तो ऐन तारुण्यात, साधारण १५ ते ४० या वयात गाठतो. वृषणात न दुखणारी कडक गाठ लागली, तर लाजून घरी बसू नये. डॉक्टरांना दाखवावे आणि सोनोग्राफी करून घ्यावी. कर्करोगाच्या उपचारासाठी मुंबईच गाठावी लागेल असे आता नाही. आपल्या नवा रायपुरात २०१८ पासून बाल्को मेडिकल सेंटर हे कर्करोगाचे रुग्णालय सुरू आहे.

शिवाय हा सर्वांत चांगला बरा होणाऱ्या कर्करोगांपैकी एक आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना येथे डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन हे औषध इतर औषधांच्या जोडीने वापरले आणि चित्र पालटले. आज वेळेवर निदान झाल्यास शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. २०११ च्या विश्वचषकाचा मालिकावीर युवराजसिंग आपल्याला आठवत असेल. त्याची गाठ छातीत होती, पण ती याच कुळातली. २०१२ मध्ये त्याने आइनहॉर्न यांच्याकडेच उपचार घेतले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो पुन्हा भारताकडून खेळला.

याचा आनंद आहेच. पण मग घरोघरी म्हटले जाते, "युवराज मैदानात उतरला, आणि आमचा अजून खाटेवरच!" रिपोर्ट स्वच्छ आलेला असतो, केसही परत आलेले असतात. तरी तो मुलगा दुपारी ऑफिसात पेंगतो, दोन जिने चढून बसकण मारतो, रविवारी उठत नाही. लोक त्याला आळशी म्हणतात. काही दिवसांनी तो स्वतःही तसेच समजू लागतो.

हा आळस नव्हे. नॉर्वेमध्ये अशा बऱ्या झालेल्या पुरुषांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. उपचारानंतर सुमारे १२ वर्षांनी त्यांच्यापैकी १५ टक्क्यांना दीर्घकाळचा थकवा होता. सुमारे १९ वर्षांनी पाहिले तर २७ टक्क्यांना. म्हणजे नुसता काळ गेल्याने तो कमी होईलच असे नाही.

साधा शीण झोपेने उतरतो, हा उतरत नाही. केमोथेरपीच्या महिन्यांत हालचाल थांबते, स्नायू गळतात, हृदय-फुप्फुसांची ताकद घटते. मग थोडे काम केले तरी दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस पडून राहतो, आणि पडून राहिल्याने ताकद आणखी घटते. हे चक्र विश्रांतीने तुटत नाही, ते मोजक्या व्यायामाने तुटते.

कॅनडातील अल्बर्टा येथे बऱ्या झालेल्या ६३ पुरुषांवर याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७-१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने १२ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, देखरेखीखाली ट्रेडमिलवर चढ चालण्याचा जोरकस व्यायाम केला : चार मिनिटे जोर, मग थोडे हळू, असे चार वेळा. दुसऱ्या गटाने नेहमीसारखेच दिवस घालवले. व्यायाम करणाऱ्यांचा थकवा कमी झाला, दमसास वाढला आणि स्वतःविषयीचा विश्वासही वाढला.

मात्र उद्यापासून कोणी धावत सुटू नये. आधी तपासणी. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि टेस्टोस्टेरॉन पाहून घ्या. यांतले काही कमी असेल तर त्याचा उपचार वेगळा आहे. झोप लागत नसेल, मन सतत उदास असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. ब्लिओमायसिन हे औषध मिळालेले असेल आणि कोरडा खोकला किंवा धाप असेल, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर गाठा. पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास सर्जनने होकार देईपर्यंत वजन उचलू नका. आपल्या छत्तीसगडात आणि विदर्भात सिकलसेल पुष्कळ आढळतो. तो असल्यास जोरकस व्यायाम विचारल्याशिवाय नको.

मग सुरुवात चालण्याने करा. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे पुरेत. दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत अर्ध्या तासावर या, आठवड्यातून किमान तीन दिवस. वेग किती? शेजारच्याशी बोलता यावे, पण आरती म्हणता येऊ नये, इतका. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम : हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून जोर काढणे. सिस्प्लॅटिनने पावले बधिर झाली असतील तर अनवाणी चालू नका, आणि उभ्याने व्यायाम करताना खुर्चीच्या पाठीचा आधार घ्या. निदान १२ आठवडे नेम सोडू नका. एखादा दिवस फार वाईट गेला तर पाचच मिनिटे चाला, पण चाला.

नवा रायपुरात रुंद रस्ते आहेत, सायकलची वाट आहे, झांझ तलावाचा काठ आहे. मे महिन्यात मात्र ऊन तापायच्या आत घरी परता, आणि पावसाळ्यात घरातच किंवा इमारतीच्या व्हरांड्यात फेऱ्या मारा.

घरच्यांना दोनच गोष्टी सांगतो. त्याला "ऊठ, आळशी" म्हणू नका, आणि "पडून राहा, तुला झेपणार नाही" असेही म्हणू नका. "चल, मीही येतो" म्हणा. ऑफिसातल्या सहकाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत त्याला बरोबर घेऊन एक फेरी मारावी. आजाराची चौकशी करण्याचीही गरज नाही. एकट्याने धरलेला नेम चार दिवसांत सुटतो. कोणी खाली वाट पाहत उभे असेल तर पायात बूट चढतात.

आपल्या ओळखीत असे कोणी असेल, तर ही स्मरणिका त्याच्या घरी अवश्य पोचवा.

गणपती बाप्पा मोरया!