रोजाच्या घरचा पाहुणा

पाहुण्याला आधी जेवू घालावे आणि मग आपण पान घ्यावे, हा आपल्याकडील गृहस्थाश्रमाचा जुना दंडक होय. परंतु ज्या घरात दिवसभर चूल पेटत नाही, किंवा पेटली तरी लहान मुले आणि आजारी माणसे यांच्यापुरतीच पेटते, अशा घरी परदेशाहून आलेला पाहुणा महिनाभर राहिला, तर या दंडकाचे काय व्हावे? रमजानच्या महिन्यात मुसलमान कुटुंबात उतरणाऱ्या परदेशी स्वयंसेवकापुढे हा प्रश्न पहिल्याच सकाळी उभा राहतो. यजमानापुढे तर तो आदल्या रात्रीच उभा राहिलेला असतो.

नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. जुना खानदेश १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला. पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला. आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला. मिरची आणि कापूस ही या मुलखाची पिके. नंदुरबारच्या आसपास मिरची वाळत घातलेल्या तांबड्यालाल पथारी दुरून दिसू लागल्या, की हिवाळा आला असे समजावे. वैशाखात मात्र येथे पारा चाळीस अंशांच्या वर सहज चढतो आणि दुपारी रस्ते ओस पडतात. अशा मुलखात दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता राहणे म्हणजे काय, हे थंड देशातून आलेल्या माणसाला पुस्तक वाचून कळत नाही.

परक्या देशात जाऊन हातांनी सेवा करण्याची कल्पना नवी नव्हे. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनियराने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, युद्धात उद्ध्वस्त झालेले फ्रान्समधील एक खेडे पुन्हा उभारण्यासाठी निरनिराळ्या राष्ट्रांचे स्वयंसेवक एकत्र आणले. जानेवारी १९३४ मध्ये बिहारात भूकंप झाला, तेव्हा तोच गृहस्थ सोबत्यांसह हिंदुस्थानात आला आणि खेड्यांच्या पुनर्वसनास लागला. खानदेशातही या विचाराला एक घरचा उपासक लाभला. अमळनेरच्या शाळेत सहा वर्षे शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर ग्रंथ लिहिला आणि आयुष्याच्या अखेरीस आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, त्याचे जीवन जवळून पाहावे, हे तिचे सार. जे प्रांतांना लागू, ते राष्ट्रांना आणि धर्मांनाही लागू आहेच.

आता रमजानची थोडी ओळख करून घेऊ. हिजरी वर्षाचा हा नववा महिना. हे वर्ष चांद्र असून त्यात आपल्या पंचांगाप्रमाणे अधिक मास धरीत नाहीत. म्हणून रमजान दरवर्षी दहाअकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतो. २०१८ साली तो ऐन उन्हाळ्यात, मे आणि जून महिन्यांत होता. २०२६ साली तो फेब्रुवारीतच लागला. आणि २०३० साली तर तो एकाच इंग्रजी वर्षात दोनदा लागेल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबराच्या अखेरीस. खानदेशाच्या अक्षांशावर रोजा हिवाळ्यात सुमारे बारा तासांचा आणि ऐन उन्हाळ्यात पावणेपंधरा तासांच्या घरात असतो. उत्तर युरोपातल्या उन्हाळ्यात तो याहून किती तरी लांबतो. तेव्हा तिकडून आलेल्या पाहुण्याला येथील दिवस आखूड वाटेल, पण ऊन मात्र आखूड वाटणार नाही.

घरातला दिवस उजाडण्यापूर्वीच सुरू होतो. पहाटेच्या अंधारात गृहिणी उठते, भाकरी किंवा पोळ्या करते, रात्रीचे कालवण ऊन करते आणि मग एकेकाला हाक मारते. ही सहरी. फटफटण्यापूर्वी तिचा शेवटचा घोट घ्यावयाचा, रोजाचा संकल्प करावयाचा आणि फजरच्या नमाजास जावयाचे. पुढे दिवस नेहमीचाच. शेत चुकत नाही, दुकान चुकत नाही, शाळा चुकत नाही. सूर्यास्त झाला, की खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडतात. ताटात फळे, भजी, सरबत असे घरच्या ऐपतीप्रमाणे असते. रात्री मशिदीत तरावीहची नमाज होते. तीत कुराण मुखोद्गत असलेला हाफिज महिनाभरात ते संपूर्ण म्हणून दाखवितो, कारण कुराणाचे अवतरण याच महिन्यात झाले अशी श्रद्धा आहे. उपास हा या महिन्याचा एक भाग झाला. खोटे न बोलणे, निंदा न करणे, राग आवरणे, हा दुसरा. पोट रिकामे आणि जीभ मोकाट, असा रोजा व्यर्थ होय, असे जाणते लोक मुलांना बजावीत असतात.

मग पाहुण्याने रोजा धरावा काय? धर्माची त्याच्यावर सक्ती नाही आणि यजमानाची तर मुळीच नसते. उलट, ‘आप खाइए, आप मेहमान हैं’ असे म्हणून त्याच्यापुढे दुपारचे ताट आणून ठेवणारेच पुष्कळ. तथापि सगळे घर उपाशी असता एकट्याने जेवणे जड जाते, आणि दुसऱ्याचे व्रत केवळ गंमत म्हणून किंवा मागे सांगावयास एक गोष्ट हवी म्हणून धरणे हेही शोभत नाही. या दोहोंमधली वाट एका जुन्या उदाहरणात सापडते.

दक्षिण आफ्रिकेत १९१० साली हर्मन कॅलनबाख या जर्मन वास्तुशिल्पज्ञाने जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरील आपली अकराशे एकरांची जमीन सत्याग्रही कुटुंबांना विनामूल्य राहावयास दिली. हेच टॉलस्टॉय फार्म. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती मुले एकत्र राहत. रमजान आला तेव्हा गांधीजींनी मुसलमान मुलांना रोजे पाळण्यास उत्तेजन दिले आणि इतरांना त्यांच्या सोबतीने एकभुक्त राहण्यास सुचविले. मात्र सर्वांनी एकमेकांची हुबेहूब नक्कल केली नाही. बाकीची मुले पाणी पीत, पहाटेच्या जेवणासही उठत नसत. ती सूर्यास्तापूर्वी आपले जेवण उरकून घेत आणि मग मुसलमान सोबत्यांसाठी चांगले पदार्थ करून त्यांना आग्रहाने वाढीत. सोबतही झाली आणि सेवाही झाली. दुसऱ्याच्या व्रताची बतावणी मात्र कोणी केली नाही.

रोज्याच्या घरी उतरलेल्या पाहुण्याला याहून चांगला धडा मिळणे कठीण. झेपेल तितके दिवस त्याने सोबत करावी. न झेपले तर संकोच न बाळगता तसे सांगावे आणि आडोशाला आपले पाणी प्यावे. पण संध्याकाळी फळे चिरणे, पाणी भरणे, भांडी घासणे ही कामे त्याने आपली मानावी. या महिन्यात घरातील स्त्रीची झोप सर्वांत आधी मोडते आणि सर्वांत शेवटी लागते. स्वतः रोजा धरून ती चव न घेता स्वयंपाक करते, मीठ अंदाजाने घालते आणि पहिला घास इतरांना देते. पाहुण्यासाठी तिला दुपारी पुन्हा चूल पेटवावी लागली, तर ते आतिथ्य तिच्या श्रमातून निघाले हे पाहुण्याने विसरता कामा नये. सकाळी थोडे अन्न झाकून ठेवण्यास सांगितले, तरी हा भार पुष्कळ हलका होतो.

या सहवासाचे मोल केवळ सौजन्यापुरते नाही. स्वयंसेवक आरोग्याच्या कामासाठी आला असेल, तर त्यावर कोणाचा जीवही अवलंबून असू शकतो. मधुमेहाचे इन्शुलिन घेणारा म्हातारा, गरोदर सून, अंगावर पाजणारी आई, क्षयाचे औषध चालू असलेला तरुण, अशी माणसे प्रत्येक गावात असतात. बाहेरून आलेल्याने ‘उपास सोडा’ असे फर्मावले, तर ती मान डोलवितील आणि रोजा चालू ठेवतील. परंतु ज्याने त्या घरची सहरी पाहिली आहे, त्याला एक गोष्ट माहीत झालेली असते. आजाऱ्याला आणि प्रवाशाला खुद्द कुराणानेच सवलत दिली आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात. आणि ज्याला ते कधीच शक्य नाही, त्याने प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीलाही ही सूट आहे. तेव्हा डॉक्टर आणि मशिदीचे इमाम या दोघांनी मिळून एकच गोष्ट सांगावी, अशी खटपट तो करू शकतो. दिवसातून एकदाच घ्यावयाचे औषध पहाटे की संध्याकाळी घ्यावे, हे डॉक्टरांस विचारून ठरविता येते. रोगी औषध टाकून देण्याची वेळ मग येत नाही. परक्या माणसाचा सल्ला ऐकला जातो तो त्याच्या विद्येमुळे थोडा, आणि तो ओसरीवर आपल्याबरोबर बसला होता यामुळे अधिक.

महिना सरत येतो तसा दानाचा हात मोकळा होतो. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच, जकात म्हणून द्यावयाचा असतो आणि पुष्कळ लोक तो याच महिन्यात काढतात. ईदच्या नमाजापूर्वी फितरा द्यावयाचा, तो एवढ्यासाठी, की त्या दिवशी गरिबाच्या घरीही चूल पेटावी. मग चंद्र दिसतो, शेवया, दूध आणि खजूर यांचा शीरखुर्मा शिजतो, आणि त्याच्या वाट्या शेजारच्या हिंदू घरीही जातात.

रोजा सोडविणाऱ्याला रोजेदाराइतकेच पुण्य लाभते, अशी पैगंबरांची शिकवण सांगितली जाते. ती खरी मानली, तर ज्याने एकही रोजा धरला नाही, पण रोज संध्याकाळी घरच्यांच्या हाती पाण्याचा पेला दिला, तो परदेशी पाहुणाही त्या महिन्यातून रिक्तहस्ताने परतत नाही. आणि ज्या घराने महिनाभर आपली भूक बाजूला ठेवून त्याची भूक जाणली, त्या घराची थोरवी त्याने आपल्या देशी जाऊन सांगितली, तर सेवा करावयास आलेला तो माणूस काही शिकून गेला असे म्हणता येईल.