त्वचेशी उजळ माथ्याने

'संवेदनशील' हा शब्द कवितेच्या जगात कौतुकाचा आहे. 'संवेदनशील मनाची कवयित्री' असं कुणी म्हटलं की शाल-श्रीफळ आलंच. त्वचेच्या बाबतीत मात्र हाच शब्द तक्रारीचा होतो. साबण बदलला की खाज, उन्हात गेलं की लाली, नवं क्रीम लावलं की जळजळ. अशी त्वचा असणाऱ्यांनी लेझर करून घेण्याआधी काय सांभाळावं, याविषयी आज थोडं बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. पण मी मीरा रोडला राहते, आणि आमच्याकडे स्टेशनातून बाहेर पडलं की वडापावच्या पाट्यांइतक्याच लेझरच्या पाट्या दिसू लागल्या आहेत. लग्नसराई जवळ आली की तिथे मुलींची रांग लागते. हल्ली मुलगेही असतात.

पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० साली अमेरिकेत चालवून दाखवला. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी एक तत्त्व मांडलं. प्रकाशाची लहर आणि त्याच्या झोताचा काळ नेमका निवडला, तर आजूबाजूला धक्का न लावता हवा तेवढाच भाग तापवता येतो. केस काढण्याचा लेझर केसातल्या मेलॅनिनला, म्हणजे काळ्या रंगद्रव्याला तापवतो. अडचण अशी की तेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही भरपूर आहे. लेझरला केस कोणता आणि कातडी कोणती हे कळत नाही, त्याला फक्त काळेपणा कळतो. चुकीच्या यंत्राने किंवा जास्त ताकदीने मारला तर त्वचा भाजते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

त्वचेच्या प्रकारांची जी मोजपट्टी डॉक्टर वापरतात, ती फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली गोऱ्या त्वचेसाठी तयार केली. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा आणि सहावा हे प्रकार तिच्यात नंतर आले. आपल्यापैकी बहुतेकजण चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. म्हणून गडद त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटर लहरीचा एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात सुरक्षित मानतात, कारण तो वरच्या मेलॅनिनमध्ये कमी अडकतो. 'माझ्या रंगाला कोणतं यंत्र वापरणार?' हे विचारायला लाजू नये.

आता ऊन. भाईंदरच्या मिठागरांवर राबणारे हात आणि उत्तनच्या कोळणींचे चेहरे आठवा. उन्हाने रापलेली कातडी म्हणजे शरीराने स्वतःवर धरलेली छत्री. ती उघडी असताना लेझर मारणं धोक्याचं. त्यामुळे आधीचे दोन ते चार आठवडे ऊन टाळायचं, आणि तीसच्या वरचं सनस्क्रीन रोज लावायचं, लोकलच्या खिडकीशी बसणार असलात तरी.

पण सगळ्यात नाजूक गोष्ट वेगळीच आहे. माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिच्याबरोबर एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले होते. त्यांनी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?" ती म्हणाली, "काही नाही." डॉक्टरांनी तिच्या गालावरच्या बारीक लाल रेषा पाहिल्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मग पर्समधून एक ट्यूब निघाली. वर्षभर ती गोरेपणासाठी लावत होती. त्यात स्टेरॉइड होतं. अशा क्रीमने चेहरा आधी उजळतो, मग त्वचा पातळ होते, शिरा दिसतात, पुरळ येतं. बंद केलं की आग होते, म्हणून हात पुन्हा ट्यूबकडे जातो. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सहज मिळतात. डॉक्टर म्हणाले, "आधी ही त्वचा बरी करू. लेझर आता नाही." बाहेर आल्यावर भाची रडली. "खाला, तारीख जवळ आलीय," म्हणाली. तारीख हॉलची असते, त्वचेची नसते, एवढंच मी तिला सांगितलं. लग्न ठरल्या दिवशी झालं, लेझर राहून गेला.

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींची मूत्रपिंडं बिघडली होती. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा संशय ब्यूटी पार्लरमधून आणलेल्या क्रीमवर गेला, आणि त्यात पारा सापडला. ट्यूब लपवणं कुठवर नेतं, ते यावरून कळावं.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. केस काढायचे असतील तर आधी सुमारे महिनाभर वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. मूळच उपटलं तर लेझर तापवणार काय? वस्तऱ्याने काढलेले चालतात. रेटिनॉलसारखी सोलणारी क्रीमं डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी थांबवावीत. लिंबू लावून उन्हात जाऊ नये. लेझरच्या जागी मेंदी नको, अत्तरही नको. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी हे रसायन असतं, त्याने फोड येऊ शकतात. ओठांवर वारंवार जर उठत असेल, गर्भ असेल, मुरुमांच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधीच सांगावं. बधिर करणारं क्रीम घरून थापून, वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नये. अमेरिकेत असं करून दोन तरुणी दगावल्या आणि तिथल्या औषध प्रशासनाला २००७ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. आणि पहिल्याच दिवशी पूर्ण चेहरा देऊ नये. जबड्याखाली किंवा कानामागे छोट्या जागी चाचणी करून घ्यावी, त्वचा काय म्हणते ते पाहावं, मगच पुढे जावं. 'आजच पैसे भरा, सवलत आहे' असं म्हणणाऱ्याला चाचणीचं विचारावं. तो घाई करू लागला, तर आपण चप्पल घालावी.

मराठीत 'उजळ माथ्याने' असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ गोऱ्या कपाळाने असा नाही. लपवण्यासारखं काही नसलेला माणूस उजळ माथ्याने वावरतो. डॉक्टरांसमोर बसताना तेवढा उजळपणा पुरे. पर्समधली ट्यूब आपणच टेबलावर काढून ठेवावी.