उतारावरचें घर



कोंकणांत सपाट जागा म्हणजे एक तर कातळ, नाहीं तर भाताचा मळा. म्हणून आमच्या पावसचीं जुनीं घरें उतारावर बसलेलीं आहेत. 'बसलेलीं' हा शब्द मी जाणून वापरीत आहें. आज मुंबईहून परतणारें कुटुंब जागा घेतें, जेसीबी बोलावून डोंगर कापतें आणि सपाटीवर घर उभें करतें. जांभ्याचा कठीण थर वरचाच असतो. त्याखालीं पुष्कळ ठिकाणीं मऊ चिकणमाती लागते. रत्नागिरीकडे वर्षाला सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. तें पाणी कापलेल्या अंगांत शिरलें कीं दरड माजघराच्या पाठीशीं येऊन उभी राहते.

त्यापेक्षां घरच दोन टप्प्यांत करावें. वर माजघर व स्वयंपाकघर, चार पायऱ्या उतरून ओटी, पुढें पडवी. डोंगराचें पाणी दोहों अंगांनीं काढून देणारा चर घरामागें हवाच. तेथें काटकसर नको.

आतां उन्हाचें गणित. पावस सुमारें १७ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस भर दुपारीं सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सुमारें ५० अंश वर असतो. जूनमध्यें तो डोक्यावरून किंचित् उत्तरेस जातो. म्हणून दक्षिणेच्या व उत्तरेच्या खिडक्यांना दोन हातांची वळचण पुरते. पश्चिमेचें उतरतें ऊन मात्र वळचणीखालून सरळ आंत येतें. आणि आमचे पुष्कळ उतार पश्चिमेसच, समुद्राकडे! तो दिसावा म्हणून लोक तिकडे कांचेची भिंत घालतात, मग पडदा ओढून वातानुकूलन यंत्र लावतात. समुद्र पडवींत बसून पाहावा. पडवी खोल असली म्हणजे तिसऱ्या प्रहरचें ऊन व पावसाळ्यांतली झड बाहेरच अडते. झड फारच आली तर माडाच्या झावळ्यांचे झाप बांधावेत.

छपराविषयीं थोडें. सपाट स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रीं ती उष्णता खोलींत सोडतो. चार पावसाळ्यांत गळूं लागला कीं त्यावर पत्र्याची शेड चढते; म्हणजे पैसे दोन छपरांचे! कौलें व खालीं माळा ठेवला तर तापलेली हवा वरच्या फटींतून निघून जाते. आढें पूर्व-पश्चिम ठेवतां आलें तर दक्षिणेच्या पाख्यावर सौरपट्ट्या बसतात. २०२४ सालच्या सूर्यघर योजनेंत ३ किलोवॅटांस ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान ठरलें. पट्ट्या वाशांना बोल्टांनीं घट्ट आवळाव्यात. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें दापोली-मंडणगडकडे कौलें व पत्रे उडविले होते.