गीझरची वही



थंडी पडली की बालाघाटाच्या माळावर, नांदूरघाट काय नि केज काय, पहाटे गरम पाण्यावाचून चालत नाही. घरात बंब किंवा छोटा गीझर भागवतो. वसतिगृह, मंगल कार्यालय, लॉज, दवाखाना अशा ठिकाणी मात्र दोनशे लिटरची, कधी त्याहून मोठी टाकी तापत असते. आपल्या जिल्ह्यात आईवडील ऊसतोडीला गेले की मुले वसतिगृहात राहतात, आणि ऊसतोडीचा हंगाम हाच थंडीचाही हंगाम. म्हणजे पोरांच्या अंघोळीचे पाणी ज्या टाकीतून येते तिची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आपल्याच घरचा आहे. माझे म्हणणे एवढेच, की या टाकीची तपासणी ठरल्या तारखेला व्हावी आणि ती वहीत लिहिली जावी.

वहीच कशाला, असे कोणी म्हणेल. साखर कारखान्याच्या बॉयलरला सरकारी निरीक्षकाचे प्रमाणपत्र लागते. पण १९२३ च्या बॉयलर कायद्याने आणि त्याच्या जागी २०२५ मध्ये आलेल्या नव्या कायद्यानेही, ज्या टाकीत पाणी शंभर अंशांच्या आतच तापवले जाते ती टाकी बॉयलरच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. ते योग्यही आहे. मात्र पाणी शंभराच्या आत ठेवतो कोण? हाताच्या बोटाएवढा थर्मोस्टॅट. तो अडकला तर वीज तोडणारा कटआउट, आणि तोही फसला तर सेफ्टी व्हॉल्व्ह. ही तीन साधने धड आहेत तोवरच त्या सवलतीला अर्थ आहे, आणि ती धड आहेत की नाहीत हे पाहायला बॉयलरचा निरीक्षक येणार नाही. ते काम मालकाचे आणि व्यवस्थापकाचे.

तिन्ही एकदम कशी बिघडतील, ही शंका रास्त आहे. एकदम बिघडत नाहीत, पण एकेक बिघडलेले कळत नाही, कारण नळाला पाणी येतच असते. सेफ्टी व्हॉल्व्हचेच बघा. दोनशे लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर नेले की ते सुमारे तीन लिटरने फुगते. येणाऱ्या नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर हे वाढलेले पाणी मागे जाऊ शकत नाही, म्हणून ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर पडते. भिंत ओली होते म्हणून कोणीतरी त्या नळीला बूच ठोकते, आणि तिथेच शेवटची वाट बंद होते. बंद टाकीत दाब चढला की पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. टाकी फाटली की दाब सुटतो, त्यातल्या काही पाण्याची तत्क्षणी वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशेपटीहून जास्त जागा लागते. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या स्पेन्सर गावी १९ जानेवारी १९८२ रोजी एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरातली अशी टाकी फुटली आणि सहा मुलांसह सात जण गेले. म्हणून टाकी तापताना व्हॉल्व्ह ठिबकला तर ठिबकू द्यावा, त्याची नळी मोरीपर्यंत उघडी न्यावी. ठिबकणे थांबतच नसेल तर व्हॉल्व्ह बदलावा. बूच कधीच मारू नये.

दुसरा शत्रू आपल्या बोअरच्या पाण्यातच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. पाणी तापले की हे क्षार कॉइलवर पांढऱ्या थराने बसतात, उष्णता आतच कोंडते, कॉइल जळते आणि त्याआधी विजेचे बिल वाढते. टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, तो स्वतः झिजतो आणि लोखंडाला गंजू देत नाही. तो संपला की गंज टाकीलाच लागतो. म्हणून दर तीन महिन्यांनी तळाचा कॉक उघडून गढूळ पाणी काढावे, आणि वर्षातून एकदा वीज तोडून, टाकी थंड करून, कॉइल व दांडा बाहेर काढून पाहावा.

विजेचे काम दरमहा करावे. गळतीचा प्रवाह ओळखणाऱ्या आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दाबावे, ती पडली नाही तर लगेच बदलावी. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे. तापमान साठ अंशांच्या आसपास ठेवावे, कारण कोमट साठ्यात लिजिओनेलासारखे जंतू वाढतात. पण साठ अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजते, म्हणून मुलांच्या नळाला थंड पाणी मिसळूनच यावे.

यावर हमखास ऐकू येते, की गीझर बंद ठेवायला वेळ कुठे आहे? वेळ आपल्या पंचांगातच आहे. चातुर्मासात लग्नाच्या तिथी नसतात, तेव्हा मंगल कार्यालयाची टाकी उघडावी. वसतिगृहाची दिवाळीच्या सुट्टीत, मुले परतायच्या आत. खर्चाचे म्हणाल तर दांडा आणि व्हॉल्व्ह नव्या टाकीपुढे अगदी स्वस्त पडतात. छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त राहू नये. त्याच्या टाकीतही क्षार बसतात, बहुतेकदा जोडीला कॉइल असते, आणि वरची हवेची नळी उघडी आहे ना हे पाहावेच लागते.

वहीत तारीख, काय पाहिले, काय बदलले आणि सही, एवढ्या चार गोष्टी पुरेत. सही केलेला माणूस दुसऱ्या वेळी अधिक नीट पाहतो, आणि मिस्त्री बदलला तरी माहिती जागेवर राहते. पालकांनीही वसतिगृहात गेल्यावर मुलाच्या जेवणाची आणि अभ्यासाची चौकशी करतो तशीच गीझरची वही दाखवा म्हणावे. हे मागायला संकोच नको. आपले मूल जिथे राहते तिथे हे विचारणे आपला हक्क आहे, आणि दाखवणे वसतिगृहाचे कर्तव्य.