हॅनोव्हरचा माणूस, लंडनची गादी



जालना जिल्ह्यातलं असई गाव आपल्याला ठाऊक आहेच.
1803 साली तिथं शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली.
तेव्हा इंग्लंडचा राजा होता तिसरा जॉर्ज.
पण त्याचं घराणं इंग्लंडचं नव्हे…
जर्मनीतल्या हॅनोव्हरचं!

त्याचा पणजोबा, पहिला जॉर्ज, जन्मला हॅनोव्हरला.
इंग्लंडच्या राणी ॲनची सगळी मुलं तिच्याआधीच गेली.
गादीवर प्रॉटेस्टंटच हवा, असा कायदा होता.
जवळचे कॅथलिक नातलग बाजूला पडले.
आणि 1714 साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, हा पाहुणा राजा झाला.

लक्षात घ्या…
जन्म हॅनोव्हरचा, गादी लंडनची.

इंग्रजी त्याला जेमतेम यायची.
कारभार हळूहळू वॉलपोलसारख्या मंत्र्यांच्या हाती गेला.

घरी मात्र धुसफूस.
घटस्फोट दिलेली बायको, सोफिया डोरोथिया…
तिला आल्डनच्या वाड्यात तीस वर्षं नजरकैद!
मुलाशी भांडण झालं.
त्याला राजवाड्याबाहेर काढलं.
नातवंडं मात्र ठेवून घेतली.
असला नवरा, असला बाप!

आपल्याकडे त्याची खूण आहे ती मुंबईत.
हा राजा इथं कधीच आला नाही.
पण 1726 साली त्यानं सनद दिली.
त्या सनदेनं मुंबईला मेयर्स कोर्ट मिळालं.
तिथं इंग्लंडच्या राजाच्या नावानं न्यायनिवाडा होऊ लागला…
आणि तो राजा होता हॅनोव्हरचा.