म्हाताऱ्या मांजराची गाठ

घरातलं मांजर अकरा-बारा वर्षांचं झालं, वाळू लागलं किंवा पोटाखाली हाताला गाठ लागली, की जळगाव-धुळ्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. ‘वय झालं तिचं’ आणि ‘कॅन्सर असेल, आता काय करणार?’ कोणतंही वाक्य बोललं, तरी मांजर तपासायचं राहून जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की, रोगाचं नाव कळल्याशिवाय कुठलाच निर्णय घेऊ नये. उपचार करण्याचा नाही आणि न करण्याचाही नाही.

कॅन्सरमध्ये वजन घटतं हे खरं. पण मूत्रपिंडं थकली, मधुमेह झाला, दात दुखून चावता येईना, तरीही ते घटतं. थायरॉइड ग्रंथी जास्त काम करू लागली, तर मांजर भरपूर खाऊनही रोडावतं, आणि त्यावर गोळ्यांनी उतार पडतो. शिवाय कॅन्सर हा काही एकच रोग नव्हे. आतड्यातला सावकाश वाढणारा लिम्फोमा घरी गोळ्या देऊन अनेक मांजरांत दोनेक वर्षं आटोक्यात राहतो. तोंडातला कॅन्सर मात्र बहुधा काही महिन्यांतच हाताबाहेर जातो. स्तनाच्या गाठी मांजरांत दहापैकी आठ-नऊ वेळा कॅन्सरच्याच निघतात, आणि तिथे आकाराला फार महत्त्व आहे. दोन सेंटिमीटरच्या आत असताना काढलेल्या गाठीनंतर काही वर्षं मिळू शकतात, तीनच्या पुढे गेली की महिने मोजावे लागतात. आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. पांढऱ्या मांजरांच्या कानांना आणि नाकाला उन्हाने कॅन्सर होतो. खान्देशातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो, तेव्हा अशा मांजराच्या कानावर न भरणारी खपली दिसली तर ती भांडणातली जखम म्हणून सोडून देऊ नका. वेळेत कानाचा तेवढा भाग काढला तर मांजर पुष्कळदा पूर्ण बरं होतं.

यावर लोक म्हणतात, मुंबई-पुण्याला कोण नेणार? जळगावहून मुंबई रेल्वेने चारशे किलोमीटरांच्या वर आहे, आणि आजारी मांजराला तो प्रवास सोसत नाही, हे मान्य. पण प्रवास नमुन्याने करायचा आहे, मांजराने नव्हे. गाठीत बारीक सुई घालून काढलेल्या पेशी काचपट्टीवर घेतात, आणि ती पट्टी प्रयोगशाळेकडे पाठवता येते. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ पासून उभं आहे. पट्टी कुठे पाठवायची, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती माणसांच्या बाबतीत आहे तशीच इथेही आहे. मूत्राशयासारखे थोडे अपवाद सोडले, तर ते क्वचितच घडतं. त्याहून मोठा धोका तपासणीआधी स्टेरॉइड देण्यात आहे. मांजर दोन दिवस टवटवीत दिसतं, पण लिम्फोमा झाकला जातो आणि नंतरची तपासणी फसते.

सगळ्यात वजनदार आक्षेप पैशाचा आहे. ज्या घरात माणसाचंच औषध महिनाअखेरीला अडतं, त्या घराला मांजराच्या शस्त्रक्रियेचा आग्रह मी करणार नाही. शस्त्रक्रिया नाकारणं हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. पण वेदना कमी करायची असली, तरी रोग कोणता ते कळावं लागतं. आणि वेदना आवरेनाशी झाली तर शांत मरण देणं हेही डॉक्टरांचंच काम आहे. आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा, तिथलं शुल्क नाममात्र असतं. मांजर दुखणं लपवतं. ते उंच जागी उडी मारेनासं झालं, अंग चाटेनासं झालं, कोपऱ्यात बसून राहू लागलं, की ते दुखतंय असं समजा. अशा वेळी घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र कधीच देऊ नका. माणसाचा ताप उतरवणारी एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

दर महिन्याला मांजराला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा, आणि फरक कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्याच वेळी पोटावरून, काखेतून हात फिरवा. गाठ लागली तर तारीख आणि आकारही तिथेच लिहा, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.