पेवाचे तोंड आणि आपला पासवर्ड

(नांदेड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही जन्मभर लातूरकडील शाळांतून मुलांना अंकगणित शिकविले; संगणकाचे शास्त्र आम्हांस अवगत नाही. तरीही आजचा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला, कारण त्यात आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे.

आपल्या मराठवाड्यात पूर्वी ज्वारी पेवात साठवीत. पेवाचे तोंड कोठे आहे, हे घरच्या माणसांखेरीज कोणास ठाऊक नसे. आज आपली पुंजी बँकेत, आणि बँक खिशातील मोबाइलमध्ये आहे. पासवर्ड हे त्या पेवाचे तोंड होय. ते आपण झाकतो कशाने? नातवाचे नाव आणि त्याचे जन्मवर्ष!

धोका दूरदेशीचा नव्हे. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी सुमारे 94 कोटी रुपये नेले. जानेवारी 2021 मध्ये येथील शंकर नागरी सहकारी बँकेचे चौदा कोटींच्या वर रुपये असेच परस्पर गेले. बँकेत चोर यंत्राच्या वाटेने शिरतो. घरात मात्र तो गोड बोलण्याच्या वाटेने येतो, आणि त्याला ओळख लागते ती आपल्याच माहितीची.

आता आमची चूक. मंडळाची वधू-वर सूची कित्येक वर्षे आम्ही संपादित केली. जन्मतारीख, वडिलांचे पद, पगार, पत्ता, मोबाइल क्रमांक, सारे आम्ही मोठ्या अभिमानाने छापले. पुढे त्या पानांची छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव फिरली. एके दिवशी एका भगिनीस फोन आला. "मंडळाच्या कार्यालयातून बोलतो," असे सांगून त्या गृहस्थाने मुलीची जन्मतारीख व नोकरी अचूक सांगितली आणि नोंद कायम ठेवण्याच्या निमित्ताने ओटीपी विचारून घेतला. चाळीस हजार रुपये गेले. ती माउली आम्हांस म्हणाली, "गुरुजी, त्याला एवढं ठाव होतं, मंग मला आपलाच माणूस वाटला." त्या दिवशी आम्हांस जेवण गेले नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. 2023 मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती हा त्याचा गाभा आहे. पासवर्डच्या जागी आता 'पासकी' येत आहे. तिची गुप्त किल्ली पाठ करावी लागत नाही, म्हणून ती कोणास सांगताही येत नाही. परंतु पासवर्ड बदलता येतो. मुलीची जन्मतारीख एकदा चव्हाट्यावर आली की ती बदलता येत नाही.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, यापुढे सूचीत नाव, शिक्षण आणि जन्मवर्ष एवढेच छापावे. पत्ता व फोन मंडळाच्या कपाटात राहावा, आणि त्या कुटुंबाचा होकार घेऊनच दुसऱ्यास द्यावा. घरोघरी प्रत्येक खात्याचा पासवर्ड निराळा व लांब असावा. परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द जोडले तरी तो चांगला होतो. ओटीपी कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच, तर लाजून घरात न बसता तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवावे.

आमच्या वाडवडिलांनी पेवाचे तोंड राखले. आम्ही ते छापून वाटले. ही चूक सुधारण्याची आज्ञा या मेळाव्याने मंडळास द्यावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.